पंप बिघडतो तो उन्हाळ्यात

आमच्या घराला तळघर आहे असं सांगितलं की सांगलीचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "कशाला?"

प्रश्न रास्त आहे. सासऱ्यांनी १९९६ साली शामरावनगरच्या अलीकडे हे घर बांधलं तेव्हा त्यांचा हळदीचा छोटा व्यापार होता. हरिपुरात जमिनीखालच्या पेवांमध्ये वर्षानुवर्षं हळद चांगली राहते, मग आपल्या तळघरात का राहणार नाही, असा त्यांचा हिशोब. हरिपूरची ती माती वेगळी आणि आमची काळी, पाणी धरून ठेवणारी माती वेगळी, हे कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं. पहिल्याच पावसाळ्यात खालच्या पोत्यांना बुरशी आली. पुढे हळद गेली, सासरेही गेले, तळघर राहिलं. गेली दहा-बारा वर्षं तिथे माझं शिवणकाम चालतं. चार मशीन, एक इंटरलॉक आणि मदतीला दोघी जणी.

हे लिहायला बसले कारण गेल्या पावसाळ्यात निदान पाच जणांनी मला तळघरातलं पाणी उपसणाऱ्या पंपाबद्दल विचारलं. मी बारावीनंतर शिवणक्लास केलेली बाई. मोटर, वाइंडिंग, व्हॉल्व्ह हे शब्द मला दोन वर्षांपूर्वी ऐकूनच माहीत होते. जे शिकले ते पैसे आणि कापड घालवून शिकले.

आधी २०१९ चं सांगते, कारण खड्डा आणि पंप त्यातूनच आले. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं. चाळीसला इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे सांगलीत शाळेतल्या पोरालाही पाठ असतं, त्यामुळे साडेसत्तावन्न म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आमचं तळघर छतापर्यंत भरलं. पाणी ओसरल्यावर घाईघाईने भाड्याचं इंजिन आणून आम्ही एका दिवसात सगळं उपसून टाकलं. संध्याकाळी मोकळं तळघर बघून बरं वाटलं. सकाळी उतरले तर मधली फरशी फुगून वर आली होती आणि मागच्या भिंतीला आडवी भेग.

नात्यातल्या एका सिव्हिल इंजिनिअरने ते बघून कपाळाला हात लावला. बाहेरची जमीन पाण्याने तट्ट भरलेली, ती चारी बाजूंनी आणि खालून दाबत असते. आतलं पाणी त्या दाबाला तोलून धरत होतं, ते तुम्ही एकदम काढून घेतलं. असं पाणी दिवसाला एक तृतीयांश काढायचं, भिंतीवर खूण करायची, रात्रभर थांबायचं. सकाळी पाणी खुणेच्या वर आलं असेल तर बाहेर अजून उतार नाही असं समजून पुन्हा थांबायचं. ज्यांच्याकडे तळघर किंवा खालचं पार्किंग आहे त्यांनी एवढी एकच गोष्ट या लेखातून नेली तरी चालेल.

फरशी दुरुस्त करताना, २०२० च्या उन्हाळ्यात, कोपऱ्यात दोन फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा काढून घेतला. पावसाळ्यात जमिनीतून पाझरणारं पाणी उताराने त्या खड्ड्यात यावं, पंपाने वर फेकावं. पंप दुकानदाराने दिला तो आणला, एक एचपीचा. चार पावसाळे तो चालला. चार पावसाळे मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वर लोखंडी जाळी, जाळीवर कापडाचा गठ्ठा.

२७ जुलै २०२४, शनिवार. आठवडाभर पाऊस होता, कोयनेचा विसर्ग सुरू होता, आयर्विनला पाणी चाळीसच्या आसपास घुटमळत होतं. सासूबाई दर तासाला विचारायच्या, "आयर्विनला किती?" नदीची काळजी करता करता संध्याकाळी तळघराला कुलूप लावलं. रविवारी सुट्टी. सोमवारी सकाळी दार उघडलं तर घोट्याच्या वर पाणी. अस्तराचे तागे, फॉलची खोकी, आणि एका लग्नघरचे एकोणीस ब्लाऊजपीस एका पिशवीत तळाला.

मदतनीस मुलगी पिशवी वाचवायला पायरीवरून उतरणार, तेवढ्यात मला कोपऱ्यातला एक्स्टेन्शन बोर्ड दिसला. तो पाण्यात होता आणि त्याची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारचे काका गेटपर्यंत आले. वर जाऊन मेन स्विच बंद केला, मगच खाली उतरलो. आज बोर्ड जमिनीपासून साडेचार फुटांवर आहे, खाली एकही वायर लोळत नाही, आणि तळघराच्या लाईनला तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे, म्हणजे थोडीशी गळती झाली तरी वीज तुटते. इलेक्ट्रिशियनने मजुरीसकट ३,४०० रुपये घेतले. या सगळ्या प्रकारात मी सगळ्यात आधी करायला हवा होता तो हा खर्च.

पंपाचा एमसीबी, म्हणजे वीज जास्त ओढली गेली की आपोआप बंद होणारा स्विच, पडलेला होता. माझे यजमान तो वर करायला गेले, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा करू नका म्हटलं, एवढी अक्कल मला तेव्हा होती. पाणी उपसायला दिरांनी शेतावरचं छोटं पेट्रोल इंजिन पाठवलं. ते अंगणात ठेवलं आणि नुसता पाईप खाली सोडला. इंजिन खाली तळघरात उतरवायचा विचारही करू नका, धूर साठून माणूस गुदमरतो. अर्ध्या तासात पाणी गेलं. यावेळी पाणी पाचच इंच होतं, त्यामुळे एकदम काढायला हरकत नव्हती.

ब्लाऊजपीसपैकी अकरा वाचले. आठांचे रंग एकमेकांत गेले. भरून दिले, ४,२०० रुपये. बाई काही बोलल्या नाहीत, पण पुन्हा आल्याही नाहीत.

मंगळवारी मोटर दुरुस्तीवाले मामा आले. वय सत्तरीच्या पुढचं, शेतीपंपांची कामं करण्यात हयात गेलेली. पहिला अर्धा तास ते प्रत्येक गोष्ट माझ्या यजमानांना सांगत होते आणि यजमान मान हलवून माझ्याकडे बघत होते. मग मामांच्या लक्षात आलं. "बरं वहिनी, मग तुम्हीच बघा हिकडं," म्हणाले आणि पंप उलटा करून खालची जाळी काढली.

आत पंख्याच्या दांड्याला दोऱ्याचा घट्ट गोळा झाला होता. लाल, मोरपंखी, आंबा कलर, जर. मामांनी ब्लेडने ते कापून माझ्या हातावर ठेवलं. चार वर्षांत जमिनीवर पडलेला प्रत्येक दोरा, झाडणीने कोपऱ्यात ढकललेली प्रत्येक चिंधी त्या खड्ड्यात गेली होती. आंबा कलर कुणाच्या ब्लाऊजचा तेही मी सांगू शकले असते. पंखा अडकला, मोटर फिरेना, गुणगुणत राहिली आणि वाइंडिंग, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, जळलं.

"पावसाळ्यात जळला हो," मी म्हटलं.

"जळला आत्ता, पण बिघडला कवाच," मामा म्हणाले. "आठ म्हैने कोरडा पडतंय ह्यो. दोरा वाळतोय, गाळ घट्ट हुतोय, सील कडक पडतंय. आन जूनला तुम्ही म्हणताय, पळ. कसा पळंल?"

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. पूर्ण कळायला अजून एक उन्हाळा जावा लागला.

वाइंडिंग नव्याने भरायचे २,६०० रुपये झाले असते. मामांनीच नको म्हटलं. तो पंप स्वच्छ पाण्याचा होता, विहिरीत किंवा टाकीत सोडायचा. खड्ड्यातल्या गढूळ पाण्याला बाजारात ज्याला मडपंप म्हणतात तो लागतो, जो बारीक खडा, गाळ, थोडी घाण पोटातून बाहेर टाकतो. ज्यांनी आधीचा विकला त्यांनी पाणी कसलं आहे हे विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या एका दुकानात गेले. तिथे दीड एचपीचा घ्या म्हणाले, "मोठा असलेला बरा." मला ते पटेना. त्या आठवड्यात एक गोष्ट मी स्वतः करून बघितली होती. पंप नाही, पाऊस चालू आहे, खड्डा रिकामा केलेला आहे, मग टेप घेऊन पायरीवर बसले आणि दहा मिनिटांत पाणी किती चढतं ते मोजलं. दोन बाय दोन फुटांच्या खड्ड्यात एक इंच पाणी म्हणजे साधारण साडेनऊ लिटर. माझ्याकडे दहा मिनिटांत तीन इंच चढलं, म्हणजे तासाला पावणेदोनशे लिटरच्या आसपास. अर्ध्या एचपीचा मडपंप एवढं पाणी दोन-तीन मिनिटांत फेकतो. मोठा पंप खड्डा क्षणात रिकामा करतो, बंद पडतो, पाणी चढलं की पुन्हा सुरू. मोटरीला सगळ्यात जास्त ताण चालू होताना येतो, त्यामुळे सतत चालू-बंद होणारा मोठा पंप लवकर मरतो. हे मी दुकानात सांगितलं तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, तुम्ही इंजिनिअर आहात का?" ब्लाऊजचं माप घेताना इंच चुकून चालत नाही, एवढंच.

अर्धा एचपी, फ्लोट स्विचसकट, ७,९०० रुपये. माल यायला नऊ दिवस. तोवर दिरांचं इंजिन अंगणात आणि मी रात्री दोनचा गजर लावून उठणारी. बिलावर आणि वॉरंटी कार्डावर शिक्का, तारीख आणि पंपाचा सिरीयल नंबर हे तिन्ही दुकानातच तपासून घ्या. माझ्या कार्डावर नंबर लिहायचा राहिला होता, परत फेरी मारावी लागली.

१० ऑगस्टला मामांनी पंप बसवला. दोन गोष्टी त्यांनी अशा केल्या ज्या आधीच्या माणसाने केल्या नव्हत्या. एक, वर जाणाऱ्या पाईपवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह. तो नसला की पंप थांबल्यावर उभ्या पाईपमधलं पाणी परत खड्ड्यात पडतं आणि तेच पाणी पंप पुन्हा पुन्हा उपसत बसतो. दुसरी गोष्ट बघून मी घाबरलेच. त्यांनी नव्याकोऱ्या पाईपला पंप आणि व्हॉल्व्ह यांच्या मध्ये ड्रिलने तीन मिलिमीटरचं भोक पाडलं. "नाहीतर पंप हवा धरतोय," म्हणाले. आत हवा अडकली की मोटर फिरते आणि पाणी चढत नाही. त्या भोकातून पंप चालू असताना बारीक चिळकांडी उडते, ती खड्ड्यातच पडेल अशी तिची दिशा ठेवायची. मजुरी आणि सामान धरून १,८५० झाले.

पंप खड्ड्याच्या तळावर सरळ ठेवला नाही, खाली दोन विटा दिल्या, म्हणजे गाळ तोंडात जात नाही. फ्लोट म्हणजे तो वायरला लटकणारा प्लॅस्टिकचा भोपळा. पाण्याबरोबर तो वर आला की पंप चालू, खाली गेला की बंद. तो भिंतीला, पाईपला, वायरला कुठेही अडता कामा नये. आमचा दोन बाय दोनचा खड्डा त्याला जेमतेम पुरतो. नवीन खड्डा काढणार असाल तर अडीच फूट घ्या. खड्ड्याभोवती मच्छरदाणीच्या जाळीचं कुंपण केलं, दोरे अडवायला. आठवड्याला त्यावरून मूठभर चिंध्या निघतात.

आता प्रश्न राहिला पाणी टाकायचं कुठे. इतकी वर्षं पाईपचं तोंड घराला लागून असलेल्या उघड्या गटारात होतं. मोठा पाऊस आला की ते गटार तुंबतं, पाणी आमच्याच पायाशी मुरतं आणि तेच फिरून तळघरात. म्हणजे विजेचं बिल भरून मी एकच पाणी गोल फिरवत होते. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडू नका असं मामा आणि इंजिनिअर दोघांनीही बजावलं. पावसाचं पाणी त्या लाईनसाठी नसतं, आणि लाईन भरली की घाण उलटी घरात येते. बोळाच्या पलीकडे पक्कं पावसाळी गटार आहे, जरा खोल आणि उताराचं. तिथवर पाईप न्यायचा तर बोळ आडवा खोदायला हवा आणि त्यासाठी परवानगी हवी.

ऑगस्टमध्ये महापालिकेच्या कार्यालयात गेले तर पावसाळ्यात खोदाई बंद, ऑक्टोबरात या. ७ ऑक्टोबरला अर्ज दिला. सोबत चालू वर्षाची घरपट्टी-पाणीपट्टी भरल्याची पावती, हाताने काढलेला नकाशा, किती लांब-रुंद-खोल खोदणार त्याची मापं, आणि काम झाल्यावर रस्ता पूर्ववत करण्याचं हमीपत्र. तिसऱ्या दिवशी फोन आला. घरपट्टी अजून सासऱ्यांच्या नावावर, आणि अर्जदार मी. सहा वर्षं आम्ही त्यांच्याच नावाने पट्टी भरत होतो, कुणाला काही वाटलं नव्हतं. आता त्यांचा मृत्यूचा दाखला, सासूबाईंचं संमतीपत्र, आणि त्यांच्या आधारची प्रत जोडली. संमतीपत्रावर सही करताना सासूबाई म्हणाल्या, "त्यांना सांगत होते, तळघर नको." मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मधे दिवाळी आली, विधानसभेची निवडणूक आली, आचारसंहितेच्या दिवसांत साहेब जागेवर सापडत नसत. चार फेऱ्या झाल्या. एक सवय उपयोगी पडली. दिलेल्या प्रत्येक कागदाच्या झेरॉक्सवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यायचा. चौथ्या फेरीला फाईल सापडेना तेव्हा मी तो शिक्का दाखवला, क्लार्कताईंनी रजिस्टरवरून पाच मिनिटांत फाईल काढून दिली. कनिष्ठ अभियंता जागा बघून गेले, रस्ता दुरुस्तीचे ३,१५० रुपये भरले, पावती घेतली आणि २८ नोव्हेंबरला परवानगी हातात आली. खोदाई, पाईप, वर काँक्रीट हे एका दिवसाचं काम, ६,५०० रुपये. पाईपचं तोंड गटाराच्या भरतीच्या रेषेपेक्षा वर ठेवून घेतलं आणि त्यावर जाळी बसवली, उंदीर शिरू नयेत म्हणून.

फेब्रुवारीत अजून एक काम झालं, ते दिरांच्या डोक्यातून. त्यांच्या रानात पाणी लागून जमीन पांढरी पडली होती, क्षारपड. कृष्णाकाठच्या कितीतरी रानांचं हेच दुखणं आहे, उसाला पाणी भरपूर आणि निचऱ्याची बोंब. त्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून पाणी ओढ्याला काढलं, दोन-तीन वर्षांत रान सुधारलं. तळघराची भेगाळलेली भिंत बघून ते म्हणाले, "वहिनी, हे आमच्या रानासारखंच आहे की." भिंतीच्या कडेने वीतभर रुंद चर काढून त्यात त्यांच्याकडचाच उरलेला भोकाचा पाईप, भोवती फिल्टरचं कापड आणि खडी घालून तो खड्ड्यात सोडला. पूर्वी फरशीच्या सांध्यांतून वर येणारं पाणी आता मुकाट्याने पाईपने खड्ड्यात येतं. गवंडी आणि खडी मिळून ५,००० च्या आसपास गेले.

एवढं सगळं झाल्यावर मला वाटलं, सुटले.

मामांनी सांगितलं होतं, कोरड्या दिवसांत दर महिन्याला खड्ड्यात पाणी ओतून पंप एकदा चालवा. पंप पाण्याबाहेर कोरडा फिरवायचा नाही, त्याची मोटर पाण्यानेच गार राहते आणि सीलही पाण्यावरच चालतं. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी मी सात-सात बादल्या ओतल्या. मार्चपासून लग्नसराई. रात्री अकरापर्यंत मशीन चालू, कोण बादल्या उचलतंय? मेच्या शेवटच्या आठवड्यात कामं संपली की सगळं साफ करायचं ठरवलं होतं. पाऊस कुठे जूनच्या आधी येतो?

२०२५ साली आला. मान्सून २४ मेला केरळात आणि दोन दिवसांत मुंबईत, पण आमच्याकडे त्याच्याही आधी, मेच्या मध्यापासूनच वळवाने झोडपायला सुरुवात केली. २१ मेच्या रात्री दहाला सहज म्हणून खाली डोकावले. खड्डा काठोकाठ आणि पंप गप्प. जुलैमधली ती सोमवारची सकाळ डोळ्यांपुढे आली. आधी मेन बंद. मग टॉर्च तोंडात धरून कोपरापर्यंत हात घातला. फ्लोटवर आणि त्याच्या वायरवर पांढरा, खरखरीत थर. आमच्या जमिनीतल्या पाण्यात क्षार किती, ते तीन महिन्यांत वाळून त्याचं काय होतं, हे हाताला कळलं. फ्लोट जागच्या जागी चिकटला होता. खरवडून मोकळा केला, वर येऊन मेन चालू केला, आणि खालून घरघर ऐकू आली.

तेव्हा मामांचं ते वाक्य पूर्ण कळलं. नवा पंप, बरोबर जातीचा पंप, परवानगीचा पाईप, तरीही नव्वद कोरड्या दिवसांनी त्याला तिथल्या तिथे गोठवलं होतं.

त्यानंतर मी जे करते ते सांगते. महिन्याच्या पहिल्या रविवारी सात बादल्या, मग लग्न असो की बारसं. खड्ड्याजवळच्या भिंतीवर पेन्सिलीने तारीख आणि पंपाला पाणी उपसायला किती सेकंद लागले ते लिहिते. नवा होता तेव्हा पंचावन्न सेकंद. जूनमध्ये एकदा ऐंशी लागले. पंप नीट वाटत होता, आवाजही तोच, पण आकडा खोटं बोलत नव्हता. मामांनी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह उघडला तर झडपेत खडी अडकलेली. काढल्यावर पुन्हा अठ्ठावन्नवर आला. वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि दिवाळीनंतर, पंप बाहेर काढून धुते, फ्लोट लिंबूसत्वाच्या पाण्यात अर्धा तास भिजवते, खड्ड्यातला गाळ खरडून काढते. गाळ साधारण दीड घमेलं निघतो, तो बागेतल्या जास्वंदीला चालत नाही, करून बघितलं.

विजेचं एक राहिलं. पाऊस आणि लाईट जाणं हे बरोबरच येतात, म्हणजे पंप ऐन गरजेला बंद. घरातल्या नऊशे व्हीएच्या इन्व्हर्टरवर पंप लावून बघितला, सुरू होतानाच इन्व्हर्टर ओरडून बंद पडला. चालताना पंप जेवढी वीज खातो त्याच्या तीन-चार पट सुरू होताना ओढतो. मोठा इन्व्हर्टर घ्यायचा तर वीस-पंचवीस हजार. त्याऐवजी होड्यांत वापरतात तसला बारा व्होल्टचा छोटा पंप मागवला, २,३०० रुपये, आणि तो जुन्या इन्व्हर्टरच्या उतरवलेल्या बॅटरीवर जोडला. ताकद कमी, पण तासाला पावणेदोनशे लिटर म्हणजे त्याच्यासाठी काहीच नाही. ऑगस्टमध्ये एका रात्री अकरा तास लाईट नव्हती. दर तासाला मी खाली जाऊन स्विच दाबत होते, पाच मिनिटं पंप, मग वर. सकाळी बॅटरी अर्धी शिल्लक. त्या पंपालाही फ्लोट लावायचा आहे, पुढच्या पगाराला म्हणतात तसं, पुढच्या लग्नसराईला.

आणि हा पंप पुरासाठी नाही, हे विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी सांगते. नदी पंचेचाळीसच्या वर चढली, नाले उलटे वाहायला लागले, की पलीकडच्या गटारातूनच पाणी येणार. पंप ते बाहेर टाकणार कुठे? तेव्हा मशीनची डोकी उचलून माडीवर न्यायची, मेन बंद करायचा आणि तळघर भरू द्यायचं. कोणती वस्तू कितव्या फेरीत वर न्यायची याची यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. गिऱ्हाइकांचं कापड पहिल्या फेरीत.

परवाच्या रविवारी दिवाळीनंतरची साफसफाई झाली. एकसष्ट सेकंद. मागच्या भिंतीच्या भेगेतून अजून ओल येते, बोटाएवढा हिरवा डाग आहे, त्याला खालपासून वॉटरप्रूफिंग करायला पंचेचाळीस हजार सांगितलेत. ते यंदा नाही. पेन्सिलीने आकडा लिहून वर आले तर सासूबाई उन्हात पाय पसरून बसल्या होत्या. बाहेर लख्ख ऊन, पावसाचा मागमूस नाही, आणि त्या सवयीने म्हणाल्या, "आयर्विनला किती?"